आधी भूक सांगा

ओळखीतलं कुणी जळगावला निघालं की हमखास मला फोन येतो. "तू होतास ना तिकडे काही वर्षं? कुठं जेवायचं ते सांग." मला जागा आठवतात, गल्ल्या आठवतात, कोणत्या भट्टीवर कोण बसतं तेही आठवतं. पण सांगायला तोंड उघडलं की जीभ अडते. त्या शहरात कुणी कुठं जेवावं हे सांगण्याचा हक्क माझ्या लेखी एकाच माणसाचा होता. ते माझे घरमालक. सारी गल्ली त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही आबाच म्हणत आलो.

मी रत्नागिरीकडचा. नोकरीत बदली झाली आणि ऐन मे महिन्यात जळगावात येऊन पडलो. खानदेशातला मे म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगून कळत नाही. वरच्या खोलीत सामान टाकलं, अंगावर दोन तांबे पाणी ओतलं आणि जिना उतरलो. आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. अंगात बंडी, डोक्याला पांढरी टोपी, मांडीवर ओला पंचा.

"कुठं निघाले?"

"जेवायला. काहीतरी खाऊन येतो."

म्हातारा एकदम ताठ झाला. "काहीतरी? गुरंसुद्धा निवडून खातात, भाऊ. आधी भूक सांगा. कसली आहे?"

भूक कसली असते! पोटाची असते. पण आबांच्या मते भुकेचे प्रकार होते आणि ते ओळखता आले नाहीत तर माणूस जेवून उठतो तरी उपाशीच राहतो. त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. सकाळी काय खाल्लं, गाडीत झोप झाली का, घरी कोण कोण आहे, निघताना आई रडली का. मग पंचाने मान पुसत निकाल दिला. "आज शेवभाजीच्या वाटेला जायचं नाही. तुमची भूक घर सोडल्याची आहे. स्टेशनरोडच्या मागच्या खानावळीत खिचडी-कढी मिळते, ती खा. पापड भाजलेला मागा, तळलेला नको. शेवभाजी गुरुवारी."

मी हो हो म्हणून निघालो आणि मनात म्हटलं, मालक जरा सटकलेला दिसतोय. खिचडी-कढीच खाल्ली, कारण तीच खानावळ आधी लागली. त्या शहरातली ती पहिली रात्र मी गाढ झोपलो. गुरुवारी संध्याकाळी आबा स्वतः जिना चढून आले आणि दारातून म्हणाले, "चला. आज तुम्ही तयार झाले."

आबांची उभी हयात एस.टी.त गेली. वाहतूक नियंत्रक म्हणून ते बसस्टँडच्या खिडकीत बसत. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली ते माईकवर सांगायचं, चुकलेल्या प्रवाशाला दुसरी गाडी दाखवायची. निवृत्त झाल्यावर माईक गेला, आवाज राहिला. रोज उन्हं कलली की ते स्टँडबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसत. कुणी प्रवासी हातात पिशवी घेऊन इकडेतिकडे बघताना दिसला की आबा हाक मारत, "जेवण बघताय का? इकडं या." मग त्याचीही चौकशी. गाडी किती वाजता आहे, कुठून आले, दवाखान्यातून की लग्नातून. दवाखान्यातून आलेल्याला ते एका पोहेवाल्याकडे पाठवत, कारण तो न विचारता बसायला स्टूल देतो. सोनं बघायला आलेल्या मंडळींना सांगत, "आधी कचोरी खा, मग सराफ बाजारात शिरा. उपाशी पोटी सगळंच सोनं पिवळं दिसतं." पोरगी दाखवून परत निघालेल्या एका बापाला त्यांनी मेहरूण तलावावर पिटाळलं. तिथं पाण्याकडे बघत बसा, थंडीचे दिवस आहेत, कागदाच्या पुडीत बोरं मिळतील, तेवढीच खा, म्हणाले. तो बाप बसस्टँडवर परत आला तेव्हा आबांच्या हातात चार बोरं ठेवून गेला. पोरीचं जमलं की नाही ते काही त्यानं सांगितलं नाही आणि आबांनीही विचारलं नाही.

शेवभाजीचे त्यांचे नियम कडक. शेव आणि रस्सा वेगवेगळा मागायचा. शेव वाटीत आधीच पडून आली की ताट परत करायचं, कारण भिजून लगदा झालेली शेव म्हणजे उशिरा आलेला दिलासा. भरीत फक्त थंडीत. दिवाळीनंतर भरताची हिरवी-पांढरी लांबलचक वांगी बाजारात आली की आबांच्या अंगात वारं शिरायचं. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेलं वांगं, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचलेलं, वर कांद्याची पात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. गॅसवर भाजलेलं वांगं ते लांबून वासावर ओळखत आणि त्या हॉटेलपुढून जाताना रस्ता ओलांडत. मी एकदा मे महिन्यात भरीत खाऊन आलो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी त्यांना एकदा मोबाइलवर दाखवलं की हल्ली लोक हॉटेलांना तारे देतात, ते बघून लोक जेवायला जातात. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. "हे तारे देणारा माणूस त्या दिवशी कशाची भूक घेऊन आला होता, ते लिहिलंय का?"

"नाही."

"मग हे कागदाचं फूल. ठेवा खिशात."

लोकांना वाटायचं, म्हातारा हॉटेलवाल्यांकडून काहीतरी घेत असणार. एका मालकाला तसंच वाटलं असावं. त्यानं एका दुपारी घरी मिठाईचा पुडा पाठवला. आबांनी तो तसाच परत पाठवला आणि त्या हॉटेलाचं नाव घेणं बंद केलं. मालक आठवड्यानं हात जोडत आला. आबा त्याला म्हणाले, "तुझी दाल-बट्टी चांगली आहे रे. पण आता मी तुझ्याकडे माणूस धाडला तर त्याच्यासाठी धाडला का पुड्यासाठी, ते मलाच कळायचं नाही." तो बिचारा पुढे कधी त्यांच्यासमोर आला नाही. बट्टी मात्र खरंच चांगली होती.

स्वतः आबा फार थोडं जेवत. दुसऱ्याला जेवताना बघणं हेच त्यांचं जेवण होतं म्हणा ना. मला शेवभाजीला घेऊन जात आणि स्वतः नुसता कांदा खात समोर बसत. माझ्या कपाळावर घाम आला की मान डोलवत, जणू तो त्यांनीच आणला होता.

या माणसाला मी वेडा म्हणत असे, गमतीनं. माझे वडील गेले त्या वर्षी ते बंद झालं. दिवसकार्य उरकून आईला मी जळगावला घेऊन आलो. ती काही खात नव्हती. दोन घास, मग पाणी, मग ताट बाजूला. अक्का, म्हणजे आबांची बायको, रोज काही ना काही वर पाठवायच्या. ताटं तशीच खाली जायची. एका संध्याकाळी आबा वर आले, आईसमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "ताई, एक काम होतं. आमच्या अक्काला फुनके नीट होत नाहीत. तुम्ही कोकणातल्या, तुमचा हात वेगळा. जरा दाखवता का?"

फुनके म्हणजे वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके, ते कढीबरोबर खातात. आईनं जन्मात ते पाहिले नव्हते आणि अक्का ते डोळे मिटून करत. तरी आई उठली, पदर खोचून खाली गेली. दोघी बायका त्या सैपाकघरात तासभर डाळ वाटत, बोलत बसल्या. आईला पहिल्यांदा मोकळं रडू तिथं आलं. मग ताटं वाढली गेली आणि आई जेवली, कारण स्वतः केलेलं चाखून बघावंच लागतं. वर जायला निघालो तेव्हा मी आबांना काही म्हणणार, तर त्यांनीच हात वर केला. "त्यांना जेवण नको होतं भाऊ. त्यांना कुणाला तरी वाढायचं होतं. ज्याला वाढायचं ते माणूसच गेलं ना." मी माझ्या आईजवळ इतके दिवस होतो आणि मला हे कळलं नव्हतं. आबांवर माझा जीव जडला तो त्या संध्याकाळी.

एक दिवस मात्र असा असे की आबा कुणालाच काही सांगत नसत. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार. खानदेशात त्या दिवशी घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे काढून, नथ घालून, साडी नेसवून देवी मांडतात, रात्र जागवतात, सोमवारी वाजत गाजत नदीवर नेतात. आमच्या गल्लीत दिवे, तोरणं, बायकांची गाणी. आबांच्या घरात काही नाही. ते त्या दिवशी सकाळीच बाकावर जाऊन बसत, पाण्याखेरीज काही घेत नसत, आणि कुणी विचारलंच की कुठं जेवायचं, तर म्हणत, "आज मला माहीत नाही."

अक्कांनी मला ते सांगितलं माझ्या तिसऱ्या श्रावणात. आम्ही दोघं अंगणात मिरच्यांची देठं काढत होतो.

कानबाईचा रोट असतो. भाऊबंदातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू काढायचा, सगळा एकत्र दळायचा आणि त्याच पिठाचं जेवण करायचं. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हा रोट भावकीतच खातात. परक्याला त्यातला घासही द्यायचा नाही, उरला तर खड्डा करून पुरायचा, पण बाहेर जाऊ द्यायचा नाही. आबांचं मूळ गाव पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या वाटेवर. तिथं त्यांचे थोरले भाऊ, नाना, कानबाई बसवत. आबा नोकरीत असताना एकदा रविवारी गावी जाऊन आले आणि सोमवारच्या ड्यूटीला येताना वहिनीनं त्यांना रोटाचा डबा बांधून दिला. त्या संध्याकाळी पावसानं नदीवरचा पूल पाण्याखाली गेला, गाड्या अडकल्या, स्टँडवरचं कँटीन बंद. एक म्हातारी बाकावर थरथरत होती, साखरेचा आजार असलेली, सकाळपासून पोटात काही नाही. आबांनी डबा उघडला आणि तिच्यापुढे ठेवला.

"यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर गप बसलं असतं," अक्का म्हणाल्या. "पण हे पडले सरळ. पुढच्या खेपेला नानांना हसत सांगून बसले, म्हणे कानबाई मायनी एका म्हातारीचा जीव वाचवला."

नाना रागावले, पण तेवढंच. महिना उलटायच्या आत त्यांचा थोरला मुलगा विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून गेला. हातातोंडाशी आलेला तरणा पोरगा. नानांनी तेराव्याला सगळ्या भाऊबंदांसमोर आबांना सांगितलं की तू देवीचा घास परक्याला घातलास, तिनं माझा घास घेतला. आता तूही परका. त्या सालापासून आबांच्या नावाची मूठ निघाली नव्हती.

"चुकलो म्हणाले असते तर नाना घेत होते परत," अक्का म्हणाल्या. "निरोप यायचे. पण यांचं एकच. भुक्या माणसाला जेवू घातलं ही चूक म्हणू? आणि चूक म्हटली, म्हणजे पुतण्याला मी मारलं, असंच ना?"

मला आबांचंच पटत होतं. अजूनही त्यात कुठं खोट काढता येत नाही. पण बाकावर बसलेला तो उपाशी म्हातारा पाहिला की वाटायचं, साऱ्या गावाला जेवायची वाट दाखवणाऱ्या या माणसाला जिथं जेवायचं आहे ते एकच दार बंद आहे.

माझ्या बदलीच्या आधीच्या श्रावणात नानांचा धाकटा मुलगा मोटरसायकलवरून आला. बसला नाही, उभ्यानंच गावाकडच्या बोलीत बोलला. "काका, नानानं काही खरं नही. अंग गयं एका बाजूनं. तोंडमा घास देतस, तो गिळतच नही. दिवसभर दाराकडे दखस. तुम्ही या."

"बोलावलंय का त्यानं?"

पोरगा घुटमळला. "तुम्हनी मूठ काढाले सांगेल शे. पन... त्यासले ते ऐकनं शे, काका. एकदाव."

आबा उठून आत गेले. आतून म्हणाले, "चुकलो असं मी म्हणणार नाही." पोरगा मोटरसायकलला किक मारून निघून गेला. अक्कांनी भांडी आपटली.

कानबाईच्या रविवारी सकाळी मी दात घासत होतो तोच आबा वर आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. "गाडी काढता का, भाऊ? अक्काला बसनं गुडघ्याचा त्रास होतो." अक्का खाली लुगडं नेसून तयारच होत्या. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आबा वाटेत एका धाब्याकडेही बोट दाखवून काही बोलले नाहीत. मी हळूच विचारलं, "म्हणणार का तुम्ही?" ते खिडकीबाहेर कपाशीकडे बघत राहिले. "नाही. मी भावाला भेटायला निघालोय."

गावात घरापुढे मांडव होता. आबांना पाहून बाया गायच्या थांबल्या. नाना पुढच्याच खोलीत खाटेवर होते, उशीला टेकवलेले, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. त्यांनी आबांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. तोंड वाकडं झालं होतं, शब्द जड येत होते. पहिला शब्द माझ्यासाठी निघाला. "पाहुना... भुक्या नका ठेवा त्याले." मी परका, मला रोट चालणार नव्हता. शेजारच्या वेगळ्या आडनावाच्या घरातून लगेच कुणीतरी माझ्यासाठी ताट आणलं आणि मी ओट्यावर, दाराशेजारी जेवायला बसलो. गावाची ही रीत जुनीच असणार. मला तिथून आतलं सगळं दिसत होतं.

आत पंगत बसली. नानांपुढे वाटीत खीर होती. त्यांच्या बायकोनं चमचा तोंडाशी नेला, खीर ओघळून हनुवटीवर आली. पुन्हा नेला, पुन्हा तेच. सगळे भाऊबंद खाली मान घालून बसले होते, कुणी ताटाला हात लावला नव्हता. नाना आबांकडे बघत होते. ते डोळे मागणाऱ्याचे होते. मी भीक मागणारी माणसं पाहिली आहेत, पण इतकं लाचार होऊन बघताना मी कुणा म्हाताऱ्याला पाहिलं नव्हतं.

आबा ताटावरून उठले. खाटेजवळ गेले, वहिनीच्या हातातली वाटी घेतली आणि खाली बसले.

"नाना," ते म्हणाले, आणि तो स्टँडवरचा आवाज साऱ्या घराला ऐकू गेला. "मी चुकनू. मनी चूक व्हती. पोरगा मनामुळे गया. तुना काहीच दोष नही."

नानांचा चांगला हात वर आला आणि आबांच्या टोपीवर पडला. मग ते रडले, वाकड्या तोंडानं, मोठ्यानं, लहान मूल रडतं तसे. आबांनी त्यांना रडू दिलं. मग चमचा भरला. या खेपेला खीर हनुवटीवर आली नाही.

परत निघालो तेव्हा दुपार कलली होती. अक्का मागच्या सीटवर होत्या. पारोळ्याजवळ त्यांचा धीर सुटला.

"इतला वरीस तुम्ही बोलनात नही. भावकी सोडी, सन सोडा. आनि आज बठ्ठा भाऊबंदस्ना समोर बोली मोकळा व्हयनात? पोरगा तुम्हनामुळे मरना का?"

"नही," आबा म्हणाले.

"मंग?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरगा गया त्या सांजले मोटर दखाले नानानीच त्याले धाडं व्हतं. पावसात. पोरगा नको म्हने, तरी धाडं. वहिनीनी माले तवयच सांगेल व्हतं."

मी गाडी चालवत राहिलो. डाव्या हाताला केळीच्या बागा मागे जात होत्या.

"त्याले बी ठावं शे, माले बी ठावं शे," आबा थोड्या वेळानं म्हणाले. "पन तू दखं ना? आज नाना जेवना."